हंडाभर पाण्याचे शास्त्र

नोकरीच्या निमित्ताने ज्यांना एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात बिऱ्हाड हलवावे लागते, त्यांच्या घरी नव्या गावातील पहिल्याच आठवड्यात एक तक्रार हटकून ऐकू येते. डाळ तीच, पातेले तेच, आचही तशीच. पण वरण काही केल्या एकजीव होत नाही. दाणे वेगळे आणि पाणी वेगळे. त्याच सुमारास मोरीतूनही कुरकुर सुरू होते. साबणाची जी वडी मागल्या गावी पंधरा दिवस पुरत असे ती येथे आठवड्यात झिजून जाते, फेस येत नाही, आणि पांढरी सदरी दोन-चार धुण्यांतच राखेच्या रंगाची होतात. घरातील वडील माणसे "इथले पाणी जड आहे" असा निकाल देतात आणि विषय तेथेच मिटतो.

तो तेथे मिटू नये असे वाटते. कारण न शिजणारी डाळ आणि न फेसाळणारा साबण या दोन वेगळ्या तक्रारी नसून एकाच कारणाची दोन रूपे आहेत, आणि ते कारण एकदा समजले म्हणजे इंधन, साबण, कपडा व अन्नातील सत्त्व या चारही गोष्टींची राखण आपल्या हाती येते. प्रयोगशाळेतील संशोधन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे अणुभट्ट्या आणि अग्निबाण उभे राहतात. परंतु आपल्या स्वयंपाकघरातील हंडाभर पाण्यामागेही गेल्या सव्वाशे वर्षांत पुष्कळ शास्त्रज्ञांनी आयुष्ये वेचली आहेत, हे आपल्याला सहसा ठाऊक नसते.

पावसाचे पाणी आकाशातून पडते तेव्हा जवळजवळ शुद्ध असते. जमिनीत मुरताना ते मातीतील कर्बवायू घेते, किंचित आम्ल बनते आणि वाटेतील खडकांतून कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार विरघळवून आपल्याबरोबर नेते. खडक जसा, तसे पाणी. कोकणातील जांभ्या दगडात विरघळण्याजोगे हे क्षार फारसे उरलेले नसतात. म्हणून तेथील झऱ्याच्या पाण्यात साबणाला भराभर फेस येतो. घाटावरच्या काळ्या पाषाणातील विहिरी, गुजरात-राजस्थानातील खोल कूपनलिका, दिल्लीच्या आसपासचे भूजल यांची गोष्ट निराळी. पहिल्या प्रकारच्या पाण्यास शास्त्रात सुफेन आणि दुसऱ्यास दुष्फेन म्हणतात. एका लिटरमध्ये किती मिलिग्रॅम क्षार आहेत यावर हा दुष्फेनपणा मोजला जातो. भारतीय मानक संस्थेच्या प्रमाणानुसार पिण्याच्या पाण्यात तो २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरे पाणी मिळणारच नसेल तर ६०० पर्यंत चालतो. येथे एक गैरसमज दूर करावयास हवा. दुष्फेन पाणी पिण्यास विषारी असते असे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने आरोग्याच्या कारणास्तव त्यावर कोणतीही मर्यादा घातलेली नाही, आणि त्यातील कॅल्शियम शरीराच्या कामीही येते. त्याची खोडी आहे ती चुलीपाशी आणि मोरीत.

डाळीचा दाणा म्हणजे असंख्य सूक्ष्म पेशींची एक भिंत असते, आणि या विटांना जोडणारा चुना म्हणजे पेक्टिन नावाचा चिकट पदार्थ. फळांचा मुरंबा दाट करणारे पेक्टिन ते हेच. डाळ शिजते म्हणजे काय होते, तर उष्णतेने हे पेक्टिन विरघळते, पेशी एकमेकींपासून सुटतात आणि दाणा बोटचेपा होतो. पाण्यात कॅल्शियम असेल तर ते पेक्टिनच्या साखळ्या एकमेकींस जखडून टाकते. मग आपण कितीही उकळा, भिंत ढासळत नाही. चिंच, आमसूल वा टोमॅटो डाळ शिजण्यापूर्वी घालू नये, हा आपल्या घरोघरचा नियमही याच शास्त्रावर उभा आहे. आंबट पाण्यात पेक्टिन सहजासहजी विरघळत नाही. आजीबाईंना पेक्टिन माहीत नव्हते, पण चिंचेचा कोळ केव्हा घालावा हे पक्के ठाऊक होते.

जुनी डाळ व कडधान्ये शिजत नाहीत, हाही सर्वांचा अनुभव. उष्ण व दमट जागी साठवलेल्या दाण्यात फायटेट नावाचे द्रव्य हळूहळू मोडते आणि त्याने धरून ठेवलेले मॅग्नेशियम व कॅल्शियम मोकळे होऊन आतल्या आत पेक्टिनला जखडते, असे या विषयावरील अभ्यासातून दिसून आले आहे. म्हणजे येथे दुष्फेनपणा पाण्यातून न येता दाण्याच्या पोटातूनच येतो. कोठीची जागा कोरडी व थंड ठेवण्यास एवढे कारण पुरेसे आहे.

यावर घाईचा उपाय म्हणजे चिमूटभर खाण्याचा सोडा. तो घातला की डाळ लवकर मऊ होते, हे खरे. परंतु सोड्याच्या अल्कलीने डाळीतील ब-१ जीवनसत्त्व, म्हणजेच थायमिन, नष्ट होते. वेळ वाचतो आणि डाळीचे सत्त्व जाते. हा सौदा करू नये. त्यापेक्षा पाणी दहा मिनिटे खळखळ उकळून निवू द्यावे. त्याच्या दुष्फेनपणाचा बराचसा भाग, ज्यास अस्थायी म्हणतात तो, पांढऱ्या गाळाच्या रूपाने तळाशी बसतो. आपल्या बंबाच्या आत जे पांढरे पुट धरते ते तेच. वरचे निवळलेले पाणी डाळीसाठी घ्यावे. राजमा, हरभरा यांसारखी जाड सालीची कडधान्ये थोडे मीठ घातलेल्या पाण्यात रात्रभर भिजवल्यास मिठातील सोडियम सालीतील कॅल्शियमला हुसकून लावते, आणि सकाळी ते पाणी टाकून दिले की साल मऊ पडते. दाबाच्या पातेल्यात, म्हणजे कुकरमध्ये, पाणी सुमारे १२० अंश सेल्सिअसपर्यंत तापते; तेथे पेक्टिनलाही फार काळ तग धरता येत नाही. लेहसारख्या साडेतीन हजार मीटर उंचीच्या गावी तर पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळू लागते. तेथे कुकर ही चैन नसून गरजच आहे.

आता मोरीकडे वळू. साबण म्हणजे तेलातील मेदाम्ले व अल्कली यांच्या संयोगाने बनलेला सोडियमचा क्षार. पाण्यातील कॅल्शियम भेटताच तो सोडियमला सोडून कॅल्शियमशी संग करतो आणि न विरघळणारी चिकट साय तयार होते. बादलीच्या कडेला जो करडा थर बसतो, कपड्यावर जी राखी कळा येते, केस धुतल्यावर जो चिकटपणा उरतो, तो मळ नव्हे. तो आपण विकत आणलेला साबणच आहे. त्याचा हिशेबही करता येतो. लिटरला ३०० मिलिग्रॅम दुष्फेनपणा असलेल्या पाण्याची १५ लिटरची एक बादली घेतली, तर कपड्याचा एक कणभरही मळ निघण्यापूर्वी सुमारे २७ ग्रॅम शुद्ध साबण त्या पाण्याची तहान भागवण्यात खर्ची पडतो. दीडशे ग्रॅमच्या वडीचा हा जवळजवळ पाचवा हिस्सा झाला, आणि तोही एका बादलीत! त्याच बादलीत आधी सुमारे ५ ग्रॅम धुण्याचा सोडा विरघळवून थोडा वेळ थांबले, तर कॅल्शियम सोड्याशी बांधले जाते आणि साबण आपल्या कामास मोकळा राहतो.

हल्ली अनेक घरांत पाणी शुद्ध करणारी यंत्रे असतात, आणि त्यांतून बाहेर टाकले जाणारे पाणी वाया जाऊ नये म्हणून काटकसरी माणसे ते कपड्यांस वापरतात. हेतू स्तुत्य आहे. पण यंत्राने अडवलेले सारे क्षार त्याच पाण्यात एकवटलेले असतात. त्याने फरशी पुसावी, धुणे धुऊ नये.

साबणाची ही अडचण संश्लिष्ट डिटर्जंटांनी दूर केली. त्यांची कॅल्शियमशी साय होत नाही. १९६९ साली अहमदाबादेत निरमा पूड निघाली आणि पुढे स्वस्त पूड देशभर घरोघर पोचली, त्यामागे जाहिरातीइतकेच आपल्या भूजलाचेही साहाय्य झाले असावे असे म्हणावयास हरकत नाही. मात्र जे मोरीतून जाते ते कोठेतरी पोचतेच. दिल्लीजवळ यमुनेवर आणि बंगळूरच्या बेळ्ळंदूर तलावावर बर्फासारखे फेसाचे ढीग साचल्याची चित्रे आपण पाहिली असतील. न शुद्ध केलेल्या सांडपाण्यातील डिटर्जंटांचा त्यात मोठा वाटा आहे. पुडीच्या पाकिटावर एक चमचा लिहिले असता दोन घालण्याची सवय म्हणूनच सोडावी. दुसरा चमचा कपडा अधिक स्वच्छ करीत नाही, केवळ विसळण्याचे पाणी वाढवतो.

कपड्याच्या धाग्याचा स्वभावही जाणून घेणे अगत्याचे आहे. या विषयाच्या अभ्यासाची आपल्याकडील परंपरा जुनी आहे. मुंबईत माटुंग्याला कापूस-तंत्रज्ञानाची प्रयोगशाळा १९२४ साली उभी राहिली, ती आजही काम करीत आहे. सुती धागा ओला झाला की कोरड्यापेक्षा अधिक बळकट होतो, ही गोष्ट ऐकून आपल्याला नवल वाटेल. नदीच्या घाटावर धोपटण्याखाली पिढ्यान्‌पिढ्या आपली धोतरे टिकली ती याच गुणामुळे. लाकडाच्या लगद्यापासून केलेला रेयॉन याच्या नेमका उलट वागतो. ओला होताच त्याचे बळ निम्म्यावर येऊ शकते. तो धोपटू नये, पिळूही नये. रेशीम व लोकर ही तर प्राण्यांपासून आलेली प्रथिने. अल्कली त्यांना खाते. पैठणीला सोडा लावणे म्हणजे तिच्या आयुष्याची वर्षे कमी करणे होय. येथे आपला रिठा उपयोगी पडतो. त्यातील सॅपोनिन हे द्रव्य अल्कलीवाचून फेस देते आणि दुष्फेन पाण्यातही त्याची साय होत नाही.

रक्ताचा वा दुधाचा डाग कधीही कढत पाण्यात घालू नये. अंडे उकळले की घट्ट होते, तसेच डागातील प्रथिन उष्णतेने धाग्यात घट्ट होऊन बसते. थंड पाण्यात भिजवल्यास ते सुटते. जर्मन रसायनज्ञ ओटो रोम याने १९१३ साली प्रथिने पचवणारे विकर धुण्याच्या पुडीत मिसळण्याचे एकस्व घेतले. आजच्या अनेक पुडींत अशी विकरे असतात. ती कोमट पाण्यात उत्तम काम करतात, उकळत्या पाण्यात मरून जातात. पांढरेपणाचे म्हणाल, तर नीळ मळ काढीत नाही. पिवळटपणावर निळी छटा चढवून ती आपल्या डोळ्यांची समजूत काढते. १९२९ साली पॉल क्रैस या जर्मन शास्त्रज्ञाने हॉर्स चेस्टनट या झाडातील एका द्रव्याने कापड उजळ दिसते असे दाखवले, आणि तेव्हापासून अदृश्य किरण शोषून निळसर प्रकाश परत देणारी द्रव्ये पुडींत मिसळण्याचा मार्ग खुला झाला. झगझगीत आणि स्वच्छ हे दोन शब्द एकाच अर्थाचे नाहीत, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुरे.

येथवर पाणी घरात काय घेऊन येते ते पाहिले. ते घरातून काय घेऊन जाते, ही गोष्ट अधिक गंभीर आहे. तिच्यापायी माणसे प्राणांस मुकली आहेत.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जावा बेटावर बेरीबेरी या रोगाने थैमान घातले होते. पाय लुळे पडत, सूज चढत असे आणि हृदय थांबून रोगी दगावत असे. बटाव्हियाच्या लष्करी रुग्णालयात क्रिस्तियान आइकमान नावाचा डच वैद्य या रोगाचे जंतू शोधीत होता. त्याच्या आवारातील कोंबड्यांना एकाएकी तशाच प्रकारचा लुळेपणा आला आणि काही महिन्यांनी तो तसाच एकाएकी नाहीसाही झाला. शोध करता कारण निघाले ते मुदपाकखान्यात! काही काळ या कोंबड्यांना रुग्णालयातील उरलेला, सडीक तांदळाचा पांढरा भात मिळत होता. पुढे नवा आचारी आला आणि त्याने लष्कराचा भात बिनलष्करी कोंबड्यांना देण्याचे साफ नाकारले. कोंबड्या पुन्हा साध्या, असडी तांदळावर आल्या आणि बऱ्या झाल्या. त्या नियमनिष्ठ आचाऱ्याचे आभार वैद्यकशास्त्राने मानावयास हवेत. पुढे आदोल्फ फोर्डरमान याने जावातील १०१ तुरुंगांची पाहणी केली. जेथे कैद्यांना असडी तांदूळ मिळे तेथे दहा हजारांत एकास बेरीबेरी होई. जेथे सडीक पांढरा तांदूळ मिळे तेथे दर ३९ कैद्यांत एकास. जंतू कोठेच नव्हता. कोंड्याबरोबर जे फेकून दिले जात होते त्याच्या अभावाने माणसे मरत होती. आइकमान यास १९२९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आणि कोंड्यातील ते द्रव्य, म्हणजे थायमिन, १९३६ साली प्रयोगशाळेत तयार करणारा अमेरिकन रसायनज्ञ रॉबर्ट विल्यम्स हा जन्माने आपल्या आंध्रातील नेल्लोरचा.

भारतातही हा प्रश्न होता. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था आज जगभर ओळखली जाते. तिचा प्रारंभ १९१८ साली निलगिरीतील कुन्नूर येथे रॉबर्ट मॅकॅरिसन यांच्या हाताखाली बेरीबेरीच्या चौकशीसाठी एका खोलीत झाला होता. १९५८ साली ती हैदराबादेस आली. तिच्या आरंभीच्या काळातील अभ्यासांतून एक लक्षणीय गोष्ट पुढे आली. गिरणीत सडलेला कच्चा तांदूळ खाणाऱ्या उत्तर आंध्रच्या किनारपट्टीत बेरीबेरी आढळे. परंतु भात हेच मुख्य अन्न असूनही बंगाल, केरळ यांसारख्या उकडा तांदूळ खाणाऱ्या भागांत तो जवळजवळ नसे. भात साळीसकट भिजवून वाफवला की कोंड्याजवळची जीवनसत्त्वे पाण्याबरोबर दाण्याच्या गाभ्यात शिरतात आणि मग गिरणी किंवा धुणे त्यांना सहज बाहेर काढू शकत नाही. आपल्या कोकणात आणि गोव्यात उकडा तांदूळ आणि त्याची पेज खाण्याची जी रीत आहे, तिच्याकडे शहरातून गेलेले पाहुणे गरिबाघरचे खाणे म्हणून पाहतात. त्यांनी ही हकीकत वाचावी.

कच्चा सडीक तांदूळ धुताना त्यातील थायमिनचा पाचव्या हिश्शापासून निम्म्याहून अधिकपर्यंत भाग पाण्याबरोबर वाहून जातो. उकड्या तांदळाचे नुकसान याच्या मानाने थोडे असते. म्हणून पाणी आरशासारखे निवळेपर्यंत चार-चार वेळा तांदूळ चोळून धुण्यात जो स्वच्छतेचा अभिमान असतो, तो जरा आवरावा. निवडून, हलक्या हाताने एक-दोनदा धुऊन, आटेल एवढ्याच पाण्यात भात शिजवावा. आणि वेळून काढलाच, तर पेज टाकू नये, पोरांना मीठ घालून द्यावी अथवा आमटीत घालावी.

परंतु शास्त्राचा नियम स्थळ पाहून लावावा लागतो. पश्चिम बंगालच्या ज्या भागांत भूजलात आर्सेनिक आहे, तेथे ते तांदळातही उतरते. अशा ठिकाणी तांदूळ चांगला धुऊन, सहापट निर्दोष पाण्यात शिजवून, वरचे पाणी टाकून दिल्यास आर्सेनिक निम्म्यापर्यंत कमी होऊ शकते असे प्रयोगांत आढळले आहे. जे पाणी आंध्रात सत्त्व वाहून नेते, तेच येथे विष वाहून नेते. यासाठी आपल्या गावचे पाणी तपासून घेणे हे कोणत्याही पाककृतीच्या आधी येते.

पाण्यातून नको ते काढून टाकण्याची सर्वांत जुनी युक्ती म्हणजे वस्त्रगाळ करणे. हंड्याच्या तोंडावर जुन्या लुगड्याची घडी बांधणे हा आपल्याकडे इतका साधा रिवाज आहे की त्यात संशोधनाजोगे काही असेल असे वाटत नाही. पण नारूची आठवण ज्यांच्या घरात आहे त्यांना त्याचे मोल कळेल. पायातून हातभर लांब दोऱ्यासारखा जंत महिना महिना बाहेर येत राहावा आणि ऐन पेरणीच्या दिवसांत कर्ता माणूस अंथरुणास खिळावा, असे महाराष्ट्रासह सात राज्यांतील खेड्यांत घडत असे. या जंताची पिले पायऱ्यांच्या विहिरीतील सायक्लोप्स नावाच्या सूक्ष्म पाणकिड्याच्या पोटात राहतात, आणि तो किडा दुहेरी कापडातून जाऊ शकत नाही. १९८०च्या दशकात देशव्यापी मोहीम झाली. पायऱ्यांच्या विहिरी बदलल्या, पाण्यात औषध टाकले गेले, आणि घरोघर गाळण्याची फडकी पोचली. १९९६च्या जुलैत राजस्थानात शेवटचा रोगी आढळला. २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणपत्र दिले. या रोगावर लस नव्हती, खात्रीचे औषधही नव्हते.

पटकीच्या बाबतीत याच फडक्याची परीक्षा बांगलादेशात मतलब भागात झाली. रिटा कोलवेल व अन्वर हक यांच्या संशोधनातून असे दिसले होते की पटकीचे जंतू पाण्यातील सूक्ष्म प्राण्यांना चिकटून राहतात. एकटा जंतू कापडातून निसटतो, पण त्याचे वाहन अडवता येते. ६५ गावांतील सुमारे १,३३,००० लोकांमध्ये हा प्रयोग झाला आणि २००३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. साडीची चौघडी वापरणाऱ्या घरांत पटकीचे प्रमाण ४८ टक्क्यांनी घटले. यातील सर्वांत मनोवेधक भाग म्हणजे नव्या साडीपेक्षा जुनी साडी अधिक गुणकारी ठरली. वारंवारच्या धुण्याने सुती धागे उसवतात, त्यांचे तंतू मोकळे होऊन विणीतील छिद्रे लहान होतात. ज्या झिजेमुळे आपण लुगडे टाकून देतो, त्या झिजेनेच ते उत्तम गाळणे बनते. पाच वर्षांनी संशोधक पुन्हा त्या गावांत गेले तेव्हा कोणी सांगावयास नसतानाही सुमारे ३१ टक्के स्त्रिया पाणी गाळीतच होत्या.

फडके मात्र सुती असावे आणि किमान चार पदरी घडी घालावी. गाळून झाल्यावर ते त्याच हंड्यात न पिळता वेगळे विसळून उन्हात कडकडीत वाळवावे. कावीळ पसरवणारे विषाणू व सुटे जंतू कापडाने अडत नाहीत. त्यांच्यासाठी गाळलेले पाणी उकळावे. आणि उकळून निवलेल्या पाण्यातले चार तांबे वरच्यावर काढून डाळीसाठी बाजूला ठेवावे.